दोन मजले आणि एक अलॉटेड पार्किंग

पुण्यात पेठेतला फ्लॅट विकायला निघाला की जाहिरातीत आधी पेशवे येतात आणि मग बेडरूम. हीच बघा : 'ऐतिहासिक सदाशिव पेठेत राजेशाही डुप्लेक्स. तीन बेडरूम, दोन टेरेस, नॉर्थ फेसिंग, २४ तास पाणी, २४ तास सिक्युरिटी, एक अलॉटेड पार्किंग. मंडई, तुळशीबाग चालत पाच मिनिटांवर. फक्त जेन्युइन पार्टीनेच फोन करावा.' किंमत लिहिलेली नाही. किंमत ऐकूनही जो फोन ठेवत नाही, तो जेन्युइन.

माझा एक मित्र जेन्युइन निघाला. राहतो बाणेरला, बाराव्या मजल्यावर. खाली क्लबहाऊस, स्विमिंग पूल, जॉगिंग ट्रॅक, सगळं आहे. फक्त कोथिंबीर आणायला गाडी काढावी लागते. त्याला पन्नाशीत मुळांची ओढ लागली. ही ओढ साधारण पहिलं होम लोन फिटलं की लागते. बघायला जायचं ठरलं तेव्हा त्याने बायकोला घेतलं, वडिलांना घेतलं आणि 'तू लिहितोस वगैरे' म्हणून मला घेतलं.

गल्लीच्या तोंडाशी एजंट उभा होता. गल्लीच्या पाटीवर 'नारायण पेठ' लिहिलेलं होतं.

'जाहिरातीत सदाशिव होतं,' वहिनी म्हणाल्या.

'पिनकोड एकच आहे, मॅडम.'

हे मात्र खरं आहे. ४११०३० मध्ये दोन्ही पेठा येतात. आणि तसंही सदाशिव पेठेच्या नावाखाली दुसरंच काहीतरी खपवायला मोठा ऐतिहासिक आधार आहे. ज्यांच्या नावाने पेठ वसली ते सदाशिवरावभाऊ १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर पडले, आणि पुढे काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणत एक तोतया उभा राहिला. त्याच्यामागे जायलाही माणसं होती. आज नवी पेठेपासून पर्वतीच्या पायथ्यापर्यंतचे फ्लॅट 'मीच सदाशिव पेठ' म्हणत उभे राहतात, आणि त्यांच्याही मागे पार्ट्या आहेत.

'राजेशाही' हा शब्द तर इथे फार जपून वापरायला हवा. पेशवे राजे नव्हते. राजे साताऱ्यात होते आणि पुण्यात कोण काय बांधतंय यावर त्यांचं बारीक लक्ष असे. शनिवारवाड्याचा पाया जानेवारी १७३० मध्ये घातला, वास्तुशांत जानेवारी १७३२ मध्ये झाली. वाडा सगळा दगडातच बांधायचा होता, पण दगडी बांधकामाचा मान छत्रपतींचा, अशी कागाळी साताऱ्यापर्यंत गेली आणि वरचे मजले विटांवर भागवावे लागले, अशी गोष्ट सांगतात. बांधकामाविरुद्ध वर तक्रार करायची पद्धत पुण्यात महापालिकेच्या बरीच आधी आली ती अशी.

नॉर्थ फेसिंगचंही तेच. शनिवारवाड्याचा मोठा दरवाजा उत्तरेला आहे, नावच दिल्ली दरवाजा. उत्तरेकडे तोंड करणं म्हणजे दिल्लीला आव्हान देणं, म्हणून शाहू महाराजांनी हरकत घेतली आणि दरवाजाचं काम त्यांच्या हयातीत रखडलं, असंही सांगतात. आता त्याच उत्तरेला वास्तुशास्त्रवाल्यांनी भाव आणलाय. आम्ही उत्तरेची खिडकी उघडून पाहिली. समोर दिल्ली नव्हती, समोरच्या इमारतीची ड्रेनेजची पाईप होती. हात लांब केला असता तर तिला आव्हान देता आलं असतं.

राहिली चोवीस तास सिक्युरिटी. नारायण पेठेत उभं राहून हे कलम वाचायला छाती लागते. ज्यांच्या नावाची ही पेठ, त्या नारायणराव पेशव्यांकडे चोवीस तास सिक्युरिटी होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, त्या सिक्युरिटीनेच त्यांना त्यांच्याच वाड्यात गाठून मारलं. गारद्यांनी थकलेल्या पगाराचं निमित्त पुढे केलं होतं. इथल्या रखवालदाराला मी सहज विचारलं, पगार वेळेवर होतो का. 'मागल्या महिन्याचा राहिलाय,' तो म्हणाला. मी मित्राला बाजूला घेऊन मेंटेनन्स वेळेवर भरायचा सल्ला दिला.

(दुपारी एक ते चारचा विनोद या सदरात होणार नाही. तो आता संरक्षित स्मारक आहे, त्याच्या शंभर मीटरच्या आत काही करता येत नाही.)

आता मुद्द्याची गोष्ट. पेठेत डुप्लेक्स जन्माला येतो कसा? बाणेरमध्ये आर्किटेक्ट डुप्लेक्स काढतो म्हणून येतो. पेठेत डुप्लेक्स कुणी काढत नाही. तो उरतो.

प्रत्येक पेठेत ही कथा थोड्याफार फरकाने तीच आहे. एक वाडा असतो. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, चौकाभोवती ओसऱ्या आणि माजघरं, मागे परस, परसात आड. मालकाचं एक कुटुंब आणि भाडेकरूंची पंधरा. १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि भाडं १ सप्टेंबर १९४० ला जे होतं त्यालाच धरून बसलं. पुढे कायदा बदलला, नवा कायदा २००० सालापासून लागू झाला, पण तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. एका खोलीच्या महिन्याच्या भाड्यात मालकाला एक कौल बदलता येत नव्हतं. म्हणून त्याने बदललं नाही. भाडेकरू म्हणे, वाडा मालकाचा, मी का खर्च करू. मालक म्हणे, राहतात हे, मी का खर्च करू. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांच्या बरोबर असण्याचा भार एकट्या तुळईवर होता.

मग पावसाळ्याआधी महापालिकेची नोटीस येते, वाडा धोकादायक म्हणून. कुणाची पहिल्या श्रेणीतली अतिधोकादायक, कुणाची जरा कमी. भाडेकरू नोटीस वाचतो आणि दाराला तिची चौघडी घालून पाचर लावतो, कारण दार नीट लागत नसतं. मालक नोटीस जपून ठेवतो. ती त्याच्या कामाची असते. वाडा भाडेकरूंसकट विकत घ्यायला कुणी येत नाही, पण नुसती जागा विकत घ्यायला सगळे येतात.

तोवर प्रॉपर्टी कार्डावर मालकाच्या जागी वारस लागलेले असतात. चार पुण्यात, दोन ठाण्यात, एक इंदूरला आणि तीन न्यू जर्सीत. वाटणीचा दावा आजोबांनी लावलेला, तो नातवापर्यंत आला. चौकातली कुठली फरशी कुणाची यावर वकिलांच्या दोन पिढ्यांची लग्नं झाली. शेवटी एक बिल्डर येतो, सगळ्यांच्या सह्या गोळा करतो, न्यू जर्सीवाल्यांचं कुलमुखत्यारपत्र कॉन्सुलेटच्या शिक्क्यासह येतं, भाडेकरू बाहेर जातात, सागवानी खांब लाकूडवाला घेऊन जातो, आणि जेसीबी वाड्याचं दार मोडून आत येतो, कारण दिंडीतून तो मावत नाही.

नव्या इमारतीत खालचे मजले भाडेकरूंचे. जितकी जागा होती तितकी, पण आता मालकीची. मधले मजले वारसांचे. त्यांच्या वर जे उरलं ते बिल्डरचं, विकायला. गल्ली नऊ मीटरची नसेल तर टीडीआर, म्हणजे जास्तीच्या बांधकामाचा हक्क, मिळत नाही, म्हणून फार काही उरत नाही. सगळ्यात वरचा मजला तर मार्जिन, पाण्याची टाकी, लिफ्टची खोली वगैरे सोडून इतका शिल्लक राहतो की त्यात धड फ्लॅट बसत नाही आणि गच्ची म्हणून सोडवतही नाही. मग तो न खपणारा अर्धा मजला खालच्या फ्लॅटला चिकटवायचा. स्लॅबला भोक पाडायचं, भोकात जिना सोडायचा. झाला डुप्लेक्स. आणि झाला की लगेच राजेशाही.

आमच्या एजंटाने हे अर्थातच असं सांगितलं नाही. तो म्हणाला, 'एक्सक्लुझिव्ह आहे, सर. बिल्डिंगमध्ये असा एकच आहे.' दुसरा करायला भोक कुठे पाडणार?

जिना बघण्यासारखा होता. रुंदी दोन-अडीच फूट. काळ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या, आरशासारख्या चकचकीत, म्हणजे पाय ओला असेल तर माणूस कुठल्याही मजल्यावर पोचेल. स्टीलचा कठडा. मध्यावर एक तिरपी पायरी, जिच्यावर पुढे जेमतेम अंगठा आणि मागे अख्खं पाऊल मावेल. वहिनी त्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. दोन्ही कोपर भिंतींना टेकले.

'कपाट वर कसं न्यायचं?'

'फोल्डिंग घ्यायचं, मॅडम.'

'आहे ते?'

'दोर लावून बाल्कनीतून घेतात. आमचा माणूस आहे.'

मित्राचे वडील, अण्णा, खालीच थांबले होते. ते वर आले नाहीत. 'जुन्या वाड्यात जिना भिंतीत असायचा,' ते खालून म्हणाले, 'अंधारा, अरुंद, धरायला दोरी. आम्हाला वाटायचं, नव्या घरात तरी रुंद मिळेल.'

मी एजंटाला क्षेत्रफळ विचारलं. रेरा आल्यापासून कार्पेटवर बोलायचं असतं. भिंतींच्या आतली वापरायची जागा तेवढी धरायची, बाल्कनी आणि उघडी टेरेस त्यात धरायची नाही, असं कायदा सांगतो. एजंट मात्र अजून 'सेलेबल' बोलतो. टेरेस अर्धी धरली होती. जिना विचारला.

'जिना दोन्ही मजल्यांवर धरलाय का?'

'दोन्ही मजल्यांवर आहे ना तो, सर.'

याला उत्तर नाही. खालच्या मजल्यावर जिना जागा खातो, वरच्या मजल्यावर भोक पाडतो, आणि आपण एकदा जिन्याचे पैसे देतो, एकदा भोकाचे.

रेराचा नंबरही मी विचारला. तो नव्हता आणि नसणं कायदेशीर होतं. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठाहून जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कुठलं तरी टुमदार छोटं गाव असेल. आमच्या पेठांत वाड्यांचे भूखंडच मुळात एवढेएवढेसे. म्हणजे जिथे गिऱ्हाइकाला संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तिथे इतिहासाने प्लॉट लहान ठेवले.

लिफ्ट डुप्लेक्सच्या खालच्याच मजल्यावर थांबते. मेंटेनन्स मात्र दोन्ही मजल्यांचा. कारण ही सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. पुणेकर फ्लॅट घेताना पाण्याआधी हा प्रश्न विचारतो : सोसायटी की अपार्टमेंट? ज्याला परदेशात काँडो म्हणतात तेच हे, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेची, आणि प्रत्येक सभासदाला एक मत. अपार्टमेंटमध्ये फ्लॅट तुमचा आणि शिवाय जमीन, जिने, गच्ची, टाकी यांत तुमचा ठरलेला टक्के हिस्सा. खर्चही त्याच टक्क्यांनी. डुप्लेक्सवाल्याचा टक्का मोठा, म्हणून बिल मोठं. लिफ्ट बिघडली तर जास्त पैसे तो देणार, आणि शेवटचा मजला चालतही तोच जाणार.

पण या कायद्यातली खरी गंमत पुढे आहे. ही सामाईक जागा कायम अविभक्त राहील आणि तिची वाटणी मागायला कुणी कोर्टात जायचं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे बघा, ज्या घराण्याने चौकाच्या वाटणीसाठी तीन पिढ्या दावा लढवला, त्याच घराण्यातल्या दहा वारसांनी 'सामाईक जागेची वाटणी कधीही मागणार नाही' अशा कागदावर एका बैठकीत सह्या केल्या. जे आजोबांना न्यायाधीशांनी सांगून पटलं नाही ते नातवांना बिल्डरने पटवलं. चहासुद्धा बिल्डरचाच होता.

आणि ज्यासाठी हा सगळा अविभक्तपणा, तो चौक कुठे आहे? आम्ही तो शोधला. तो तळमजल्यावर आहे. त्याला आता पार्किंग म्हणतात.

वाडा पाडला असं लोक म्हणतात, त्यात फारसा अर्थ नाही. माणसं बरीचशी तीच आहेत, भांडणं तीच आहेत, गणपती तोच आहे. वाडा आडवा होता तो उभा केला, एवढंच. पूर्वी समोरच्या ओसरीवरचा आता डोक्यावर राहतो. पण उभा करताना चौक तेवढा सांडला. चौक कुणाच्याच मालकीचा नव्हता म्हणून सगळ्यांच्या वापरात होता. पापड तिथे वाळायचे, मुंजी तिथे लागायच्या, पोरं तिथे पडायची, आणि एकीची भांडणं बाकीच्यांना माजघरात बसून ऐकता यायची. आता त्या जागेवर पिवळ्या रंगाने चौकोन आखलेत आणि प्रत्येक चौकोनात एक नंबर आहे.

स्टिल्टमधलं पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती फ्लॅटसारखी सुटी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं. पेठेने निकालाचा मान राखला. इथे पार्किंग कुणी विकत नाही. 'अलॉट' करतात. अलॉट करायचे किती, ते एजंट गाडीची लांबी बघून सांगतो.

आमच्या मित्राला अलॉट होणार होतं ते लोखंडी रॅकवरचं, वरच्या कप्प्यातलं. खालच्या कप्प्यात दुसऱ्याची गाडी. खालची निघाल्याशिवाय वरची उतरत नाही. म्हणजे गाडीसाठीही डुप्लेक्सच, फक्त त्यात खालचा मजला दुसऱ्याचा.

'खालची गाडी कुणाची?' मित्राने विचारलं.

'पहिल्या मजल्यावरच्यांची. जुने भाडेकरू आहेत. फार चांगली माणसं.'

'आणि सकाळी साडेसातला मला निघायचं असेल तर?'

'बेल मारायची, सर. उठतात ते.'

प्रवेशाशी एक कोरीव सागवानी खांब उभा आहे. मूळ वाड्यातला हा एवढा एकच मागे ठेवला, असं एजंट अभिमानाने म्हणाला. खांब सिलिंगपर्यंत पोचत नाही. वर चार बोटं फट आहे. वॉर्निश केलंय, खाली स्पॉटलाइट लावलाय. बाकीचे त्याचे भाऊबंद एव्हाना कुठल्याशा ढाब्याच्या दारात 'मराठमोळं वातावरण' सांभाळत असतील. खांबावर तीन बाजूंनी खोबणी आहेत, ज्यांत कधीकाळी तुळया बसायच्या. एका खोबणीत लिफ्टच्या दुरुस्तीवाल्याचं कार्ड खोचलेलं होतं.

वारसा जपायचा पुण्याचा मार्ग जरा आडवळणाचाच आहे. शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला, आग काही दिवस चालली, सात मजल्यांतलं वर काही उरलं नाही. जे जोतं आणि तट उरलं ते संरक्षित स्मारक झालं. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढचे दोनशे मीटर परवानगीने. म्हणजे जो वाडा नाही त्याच्यासाठी आजूबाजूचे जे वाडे आहेत त्यांनी पडायचंही नाही आणि उभंही राहायचं नाही. उलट बुधवार पेठेतला भिडे वाडा घ्या, जिथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. तो वर्षानुवर्षं दुकानांच्या आणि दाव्यांच्या मागे अंग चोरून उभा होता. सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला. स्मारक बांधायला. नसलेल्या वाड्याला कुंपण आणि असलेल्याला जेसीबी. हे धोरण कुणी ठरवून आखलं असतं तर इतकं जमलं नसतं.

हे वाचून कुणी 'काय तो वाडा, काय ते दिवस' म्हणत डोळे पुसणार असेल तर जरा थांबा. वाड्याच्या आठवणींचं उत्तम पीक कोथरूडला येतं. जे १९७० च्या सुमाराला वाडा सोडून तिकडे गेले त्यांच्याकडे. त्यांना चौकातलं तुळशीवृंदावन आठवतं. चौकापलीकडचे संडास आठवत नाहीत, त्यांच्यापुढची रांग आठवत नाही, रांगेत उभं राहून वर्तमानपत्राचं एकच पान चौघांनी वाचलेलं आठवत नाही. पाहुणे आले की बापाला ओसरीवर झोपायला लागायचं. नव्या नवरानवरीला बोलायला पर्वतीवर जायला लागायचं.

अण्णांना हे आठवतं. ते याच पेठेत, दोन गल्ल्या पलीकडे, एका खोलीत वाढले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा ते शाळेत होते. त्यांच्या वाड्याच्या मातीच्या भिंती पाण्याने बसल्या आणि खोलीसकट संसार गेला. खोलीचं दुःख त्यांनी कधी केलं नाही. पुढे नोकरी लागल्यावर पहिली गोष्ट काय केली तर कर्ज काढून धायरीकडे गुंठा घेतला.

'इथून बाहेर पडायला मी कर्ज काढलं,' ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून म्हणाले, 'आता हा इथे परत यायला काढतोय. बँकेचं बरं चाललंय.'

मित्र टेरेसवर होता. एजंट त्याला मिरवणूक दाखवत होता. म्हणजे जून महिन्यात, हाताने. 'इथून लक्ष्मी रोडच्या बाजूचं सगळं ऐकू येतं, सर.' खोटं नव्हतं. विसर्जनाची मिरवणूक हल्ली चोवीस तास ओलांडून जाते आणि ऐकू येत नाही अशी जागा पेठेत नाही. त्या दिवशी गाडी बाहेर काढता येत नाही, रस्ते बंद. पण तशी ती इतर दिवशीही येणार नाहीच, खालच्या कप्प्यात पहिल्या मजल्यावरचे आहेत.

'व्यवहार मॅडमच्या नावाने करा,' एजंटाने खाली येत सुचवलं, 'स्टँप ड्युटी सातऐवजी सहा टक्के लागेल. एक टक्का वाचेल.'

'आणि लोन?' वहिनींनी विचारलं.

'तेही तुमच्या नावाने काढू.'

'म्हणजे एक टक्का वाचवायला शंभर टक्के कर्ज माझ्या नावावर. आणि कपाट बाल्कनीतून.'

एजंट हसला. जेन्युइन पार्टीशी हसावंच लागतं. मग त्याने शेवटचं अस्त्र काढलं : दुसरी एक पार्टी बघून गेलीय, संध्याकाळपर्यंत टोकन देतो म्हणतेय. पेठेत दुसरी पार्टी नेहमी बघून गेलेली असते. १७३० पासून.

उतरताना लिफ्ट आली नाही म्हणून जिन्याने निघालो. पहिल्या मजल्यावरचं दार उघडं होतं. दारात एक आजी खुर्ची टाकून शेंगा निवडत होत्या. आतली खोली पूर्वीच्या खोलीएवढीच होती, फक्त टाइल्स होत्या, आणि भिंतीवर फ्रेम केलेलं मालकीचं इंडेक्स टू होतं, देवांच्या तसबिरींच्या रांगेत.

'वरचं बघायला आलात का?' त्यांनी विचारलं.

'हो, आजी.'

'केवढ्याला सांगतोय?'

मित्राने आकडा सांगितला. आजींच्या हातातली शेंग थांबली नाही.

'आम्ही महिना अकरा रुपये द्यायचो. तेसुद्धा मालक घ्यायचा नाही, म्हणून कोर्टात भरायचो.' त्यांनी मित्राला, वहिनींना, मग अण्णांना नीट पाहिलं. अण्णांवर नजर जरा थांबली. 'तुम्ही पलीकडच्या गल्लीतले ना हो? आडावर पाणी भरायला यायचात. आमच्या सासूबाई तुम्हाला हाकलायच्या.'

'यायचो,' अण्णा म्हणाले. 'तुमची गाडी रॅकवर खालच्या कप्प्यात असते का?'

'नातवाची. का हो?'

'सकाळी किती वाजता उठतो?'

'नाइट शिफ्ट असते त्याची. बारापर्यंत उठत नाही,' आजी म्हणाल्या, 'आणि मी कुणाला उठवू देत नाही.'

अण्णा पहिल्यांदाच खूश दिसले.